चाळिसावं नाव

गुरुदत्त केळुसकर मला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो एक डोंगर चढत होता. तो डोंगर माझ्या घरामागे होता, आणि तो डोंगर नव्हता.

अ‍ॅशबर्नमध्ये, म्हणजे अमेरिकेत, आमच्या घरांच्या रांगेमागे एक डेटा सेंटर बांधायला घेतलं होतं. पायासाठी खणलेली माती कंत्राटदाराने आमच्या कुंपणापलीकडे ओतून ठेवली होती. उंची अठरा फूट. तिच्यावर गवत माजलं होतं आणि एक मोडकी ढकलगाडी पडली होती. शनिवारी सकाळी सात वाजता मी चहा घेऊन मागच्या दारात आलो, तर त्या ढिगाच्या कडेने एक सॅक वर सरकताना दिसली. सॅक इतकी अवाढव्य होती की ती एकटीच गिर्यारोहणाला आली असावी असं मला वाटलं. जरा वेळाने तिच्याखाली माणूस दिसायला लागला. डोक्याला कानटोपी, गळ्यात शिटी, कमरेला दोर, हातात काठी आणि दोन्ही खांद्यांवरून लोंबणारं इतकं पाणी की त्यात आमची अख्खी गल्ली आंघोळ करून निघाली असती. माथा गाठायला त्याला सव्वा मिनिट लागलं. त्या सव्वा मिनिटात त्याने दोनदा विश्रांती घेतली, एकदा शिटी वाजवली आणि एकदा मागे वळून, कोणी दरीत पडलं तर नाही ना, याची खात्री करून घेतली. माथ्यावर उभं राहून त्याने छाती भरून श्वास घेतला. मग मी दिसलो.

"नमस्कार! मराठी ना?" तो वरून ओरडला.

"कशावरून?"

"कपाखाली बशी आहे. या डोंगराचं नाव काय?"

"याला नाव नाही. माती आहे ती."

तो खाली उतरला. मी जणू त्याला सांगितलं होतं, की मुलगा बारा वर्षांचा झाला पण बारसं राहूनच गेलं, अशा चेहऱ्याने त्याने माझ्याकडे बघितलं. मग सॅक उतरवली आणि माझ्या पायरीवर बसला. तो दुपारचं जेवून उठला.

"हे कोण?" आश्लेषाने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरातून हळूच विचारलं.

"सर्व्हे ऑफ इंडिया."

"मग कणीक जास्त भिजवू का?"

तो सात पोळ्या जेवला. तोवर आमच्या मागच्या मातीच्या ढिगाला पाच नावं मिळाली होती. ढकलगाडीपाशी 'गाडीटप्पा'. आमच्या बार्बेक्यूच्या ठिणग्यांनी गवत करपलं होतं ती 'जळकी सोंड'. बाकीची आता आठवत नाहीत. पण पुढच्याच महिन्यात शेजारचा रॉन, जो जन्मात टेक्सासच्या बाहेरचा एक शब्द शिकला नव्हता, तो गवत कापणाऱ्याला फोनवर सांगताना मी स्वतः ऐकला: "जळकी सोंडपर्यंत काप, पलीकडे जाऊ नकोस." नोव्हेंबरात कंत्राटदाराने ढीग उचलून नेला. त्या दिवशी गुरुदत्त पांढरा शर्ट घालून आला आणि कुंपणाशी दहा मिनिटं उभा राहून गेला.

तर असा हा गुरुदत्त. वय छप्पन्न, मूळ गाव वेंगुर्ल्याजवळचं केळूस, शिक्षण पुण्यात. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस इंजिनिअरिंग कॉलेज आणि दोन दिवस सह्याद्री, आणि परीक्षा आली की सातही दिवस सह्याद्री. अमेरिकेत येऊन तेवीस वर्षं झाली. पोटासाठी डेटाबेस सांभाळतो. त्याचं म्हणणं एकच: ज्या जागेला नाव नाही तिथे माणूस हरवतो, आणि ज्या जागेचं नाव विसरलं जातं तिथे जागाच हरवते. अ‍ॅशबर्नमध्ये रस्त्यांना नावं आहेत, पण ती बिल्डरने दिलेली. जी झाडं तोडली त्यांची. ही गोष्ट त्याला तेवीस वर्षं खुपते आहे. त्याची मुलगी निधी त्याला समजावून थकली.

"बाबा, इट्स डर्ट."

"अगं, सगळे डोंगर मुळात डर्टच असतात. नाव ठेवलं की डोंगर होतात."

आमच्या मंडळाची दर ऑक्टोबरात पानांचे रंग बघायची सहल निघते. अकरा गाड्या, दोनशे इडल्या, आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये तेच एक लाल झाड. दोन वर्षांपूर्वी ती सहल पश्चिमेकडे, डोंगरात तीन तास आत गेली. सगळे झाडासमोर उभे असताना गुरुदत्त झाडामागच्या डोंगराकडे बघत होता. नकाशावर त्या डोंगराला नाव नव्हतं. नुसती उंची होती: दोन हजार नऊशे चौदा फूट.

"माणसाला कोणी त्याच्या उंचीने हाक मारतं का?" तो मला म्हणाला, आणि रस्त्याकडेला सफरचंदं विकायला बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे तरातरा गेला. मीही मागोमाग गेलो, कारण गाडीची किल्ली त्याच्या खिशात होती.

"बाई, या डोंगराचं नाव काय?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्या भागाचं?"

गुरुदत्तच्या डोळ्यांत पाणी आलं. मी अतिशयोक्ती करत नाही. इतर वेळी करतो, इथे नाही. अमेरिकेत आल्यापासून त्याच्या प्रश्नाला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता.

बाईंचं नाव फ्लोरा मॅकॲस्किल. वय सत्त्याऐंशी. त्यांच्या खापरपणजोबांची पिढी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून इथे आली होती आणि येताना गेलिक भाषा घेऊन आली होती. भाषा दोन-तीन पिढ्यांत घरातून गेली. फ्लोराबाईंना ती बोलता येत नव्हती, त्यात साधं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. पण त्यांच्या आजीने या एका डोंगराच्या प्रत्येक वळणाचं, ओढ्याचं आणि कातळाचं नाव त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं, अर्थासकट. अशी चाळीस नावं होती. ती माहीत असलेलं माणूस जगात एकच उरलं होतं आणि ते सफरचंदं विकत होतं.

त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी आम्ही तिकडे जायला लागलो. माझं काम फोनवर आवाज टिपायचं आणि धापा टाकायचं. कारण फ्लोराबाई घरात बसून एकही नाव सांगायला तयार नव्हत्या. नाव जागेवर उभं राहूनच सांगायचं, आणि तेही ज्या दिशेने गुरं वर यायची त्या दिशेला तोंड करून. बाई बकरीसारख्या पुढे जायच्या. मागून सह्याद्री कोळून प्यायलेला गुरुदत्त, आणि त्याच्या मागे जिना चढतानाही विचार करणारा मी.

"ब्यालख नम बो," बाई म्हणायच्या.

"बेलाख नाम बो."

"नाही."

"ब्यालाक नम्म बो."

"नाही."

असं दहा-बारा वेळा झालं की बाई म्हणायच्या, "वाईट आहे, पण चालेल."

"आणि अर्थ?"

"गाईंची खिंड."

"गोखिंड!" गुरुदत्त तीन ताड उडाला. "अरे, आमच्याकडे पण आहे! तंतोतंत!"

हे जवळजवळ प्रत्येक नावाला व्हायचं. 'आउल्त डू' म्हणजे काळा ओढा; तो त्याच्या आजोळी होता. 'स्त्रॉन' म्हणजे डोंगराचं नाक. आपण सोंड म्हणतो. डोंगरात राहणाऱ्या माणसाला जगात कुठेही नाव ठेवताना दोनच गोष्टी सुचतात, स्वतःचे अवयव आणि स्वतःची जनावरं, असा सिद्धांत त्याने तिथल्या तिथे मांडला. फ्लोराबाई म्हणाल्या, "तिसरी पण आहे, सासूबाई," आणि एक वाकडा सुळका दाखवला.

रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नाही, म्हणून प्रतिमा वहिनी, गुरुदत्तची बायको, प्रत्येक वेळी स्टीलचा डबा भरून द्यायच्या. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही हे फ्लोराबाईंना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांच्याकडेही तसंच होतं. त्यामुळे थालीपिठं जायची आणि त्याच डब्यातून सफरचंदाचा मुरंबा यायचा. सहा महिन्यांत वहिनींच्या फ्रिजमध्ये दुधाला जागा उरली नाही.

गुरुदत्त त्यांना 'मावशी' म्हणायला लागला होता. बाईंना वाटलं हा काहीतरी किताब असावा, सरदारीण वगैरे. एक दिवस त्यांनी विचारलं.

"आईची बहीण," गुरुदत्त म्हणाला.

बाई चालता चालता थांबल्या. "मी कोणाची तरी बहीण आहे, हे मला एकोणऐंशी वर्षांत कोणी म्हटलेलं नाही."

त्या दिवशी त्यांनी आम्हाला चाळिसावं नाव दिलं. बाकीची एकोणचाळीस आधी घेतली होती. हे त्या चुकवत होत्या. वाटेच्या एका वळणाखाली एक बसका दगड होता, दोन माणसं बसतील एवढा. 'क्लाख मोरॅग'. मोरॅगचा दगड.

मोरॅग ही फ्लोराबाईंची थोरली बहीण. सकाळी ती या दगडावर येऊन बसायची, कारण इथून खालच्या रस्त्यावरची शाळेची बस लांबूनच दिसते. बस दिसली की ती खाली घराकडे तोंड करून ओरडायची, आणि मग फ्लोरा बूट घालायला घ्यायची. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात मोरॅग घटसर्पाने गेली. दहा वर्षांची होती. थडग्यावर लाकडी फळी होती, ती कधीच कुजली. फोटो काढलेला नव्हता. आजीने वसंतात इथे येऊन दगडाला नाव ठेवलं. त्या डोंगरावर ठेवलेलं ते शेवटचं नाव.

"मी आहे तोवर हा मोरॅगचा दगड," बाई म्हणाल्या. "मी गेले की नुसता दगड."

गुरुदत्तने काठी दगडावर टेकवली. "मावशी, नकाशावर येईल. माझा शब्द."

शब्द देताना आपला हा माणूस फार छान दिसतो. अडचण पुढे येते.

योग असा, की तिथल्या परगण्याने त्याच डोंगरावर फिरायला येणाऱ्यांसाठी नवी पायवाट करायला घेतली होती, आणि जागोजागी पाट्या लावायच्या होत्या. पायवाटेच्या समितीचा अध्यक्ष डेनिस नावाचा एक आनंदी गृहस्थ होता. 'जुन्या वसाहतकारांची मूळ नावं' ही कल्पना त्याला इतकी आवडली की त्याने गुरुदत्तला जागच्या जागी मिठी मारली. नावं किती? चाळीस. मग पाट्या चाळीस. गुरुदत्तने नावांसाठी फुकटात डेटाबेस बनवून द्यायचं कबूल केलं.

आता इथे गुरुदत्तचा स्वभाव आणि गुरुदत्तचा धंदा यांची गाठ पडली.

साधा माणूस डेटाबेस बनवेल तर त्यात नोंद घालायची सोय करेल आणि पुसायचीही करेल. गुरुदत्त म्हणाला, नाव पुसायची सोय? जगात नावं पुसायच्या सोयी काय कमी आहेत? त्याने असा डेटाबेस बनवला की एकदा नोंदवलेलं नाव कोणालाही, कधीही, कुठल्याही कारणाने पुसता येणार नाही. समितीला नाही, सरकारला नाही. स्वतःलाही मोह होऊ नये म्हणून त्याने मालकाचा पासवर्ड डोळे मिटून टाइप केला आणि विसरून गेला.

मग त्याने ते चालतं का, हे तपासून बघितलं. सॉफ्टवेअरवाल्यांची ही पद्धत आहे: खरी माहिती भरायच्या आधी खोटी भरून बघायची. अमेरिकन माणूस अशा वेळी 'टेस्ट एक, टेस्ट दोन' लिहितो. आपला माणूस समोर जे दिसेल ते लिहितो. रविवारची सकाळ होती, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर होता आणि वहिनी शेगडीपाशी होत्या. गुरुदत्तने पायवाटेच्या नकाशावर कुठेही टिचकी मारली आणि पहिली नोंद भरली. नाव: थालीपीठ. अर्थ: गोल, सपाट, मधे बोटाने पाडलेली भोकं. दुसरी, घावन: पातळ, पांढरं, जाळीदार. तिसरी, सोलकढी: गुलाबी, वेगाने खाली उतरते. चौथी, फणसाची भाजी: वरून काटेरी, आत शिरल्यावर हात चिकट होतात.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "तो लॅपटॉप हलवा आधी. मला इथे वाटण करायचंय. आणि बारापर्यंत कोणी माझ्या पायात येऊ नका."

पाचवी नोंद. नाव: प्रतिमा. अर्थ: दुपारी बाराच्या आधी जवळ जाऊ नये.

उरलेल्या चार नोंदी त्याच्या सासुरवाडीबद्दल आहेत. मला त्या घरी अजून जेवायला जायचं असल्याने मी त्या इथे देत नाही.

नऊ नोंदी झाल्यावर त्याने पुसायचा प्रयत्न केला. जमलं नाही. वहिनींकडून करवून बघितला. जमलं नाही. शेवटी फोन करून मला बोलावलं. मीही सगळी बटणं दाबून बघितली. जमलं नाही.

"टेस्ट पास!" गुरुदत्त ओरडला आणि त्याने मला टाळी दिली. मीही घेतली. आम्ही दोघेही अभियंते आहोत, दोघांच्या मिळून तीन पदव्या आहेत, आणि ती टाळी देऊन-घेऊन झाल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"पण मग आता ही नऊ..." मी म्हणालो.

"यार," गुरुदत्त खुर्चीत बसला. "राहिली."

तरीही घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्याखाली त्याने फ्लोराबाईंची चाळीस नावं नीट भरली, ज्या क्रमाने मिळाली त्या क्रमाने, शेवटचं मोरॅगचं. मग डेनिसला पत्र लिहिलं: पहिल्या नऊ नोंदी तपासणीच्या आहेत, त्या सोडून पुढच्या चाळीस घ्याव्यात. डेनिसने ते पत्र कौतुकाच्या दोन ओळी जोडून पाट्यांच्या कंत्राटदाराला पाठवलं. कंत्राटदाराच्या यंत्राने यादी घेतली, वरून चाळीस मोजली आणि थांबलं. यंत्र पत्रं वाचत नाही.

उद्घाटन मे महिन्यात होतं. मंडळाच्या चार गाड्या आल्या होत्या. परगण्याचे दीडशे लोक, एक बॅगपाइप वाजवणारा, आणि कुठल्याशा विद्यापीठातले एक प्राध्यापक, ज्यांनी स्कॉटिश पद्धतीचा घागरा घातला होता आणि ज्यांना थंडी वाजत होती. फ्लोराबाई निळा कोट घालून, केस नीट बांधून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गुरुदत्तने सदरा घातला होता. डेनिसने पहिल्या पाटीवरचं कापड ओढलं आणि मोठ्याने वाचलं.

"थालीपीठ! वसाहतकारांच्या प्राचीन भाषेत: गोल, सपाट, मधे बोटाने पाडलेली भोकं."

टाळ्या. बॅगपाइप.

मी गुरुदत्तकडे बघितलं. त्याचा चेहरा घावनासारखा झाला होता: पातळ, पांढरा, जाळीदार.

प्राध्यापकांनी माइक घेतला. "या पठारावर पावसाच्या पाण्याने झालेले खळगे बघा," ते म्हणाले. "पूर्वजांची नजर किती अचूक होती!" लोकांनी वाकून खळगे बघितले. खळगे होते, हेही खरं. टिचकी कुठेही मारली तरी डोंगर कुठल्या ना कुठल्या अर्थाला राजी होतो.

मिरवणूक वर निघाली. सोलकढीपाशी एक धबधबा होता. तो गुलाबी नव्हता, पण प्राध्यापक म्हणाले सूर्यास्ताला होत असेल. पुढच्या वळणावर वहिनी सगळ्यांच्या पुढे होत्या. पाटीसमोर त्या थांबल्या. दोनदा वाचली.

"अहो, हे काय आहे?"

"टेस्ट डेटा," गुरुदत्त पुटपुटला.

"मी टेस्ट डेटा?"

"तुझ्यावर टेस्ट पास झाली, प्रतिमा."

वहिनी काय बोलल्या ते बॅगपाइपमुळे ऐकू आलं नाही. वाजवणाऱ्याचे मी आजही आभार मानतो.

पण फ्लोराबाई या पाटीपर्यंत आल्याच नव्हत्या. त्या खाली, वळणाच्या अलीकडे दगडापाशी उभ्या होत्या. दगडाच्या एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या बाजूला, मग मागे जाऊन. गुरुदत्त धावत खाली गेला आणि त्याने सगळं सांगितलं: नऊ नोंदी, टाळी, यंत्र. शेवटची नऊ नावं गळाली होती. मोरॅग त्यात होती.

बाई रागावल्या नाहीत. त्या दगडावर बसल्या आणि कोट गुडघ्यांवर ओढून घेतला.

"मी इथे बसते," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलं तर सांगेन."

गुरुदत्त तसाच वर गेला, त्याने प्राध्यापकांच्या हातातून माइक घेतला आणि दीडशे लोकांसमोर कबुली दिली. ही नऊ नावं गेलिक नाहीत. हे आमच्या घरचे पदार्थ आहेत. एक माझी बायको आहे. चूक माझी आहे. पाट्या बदला.

लोक खळखळून हसले. डेनिसने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "इतकं काम करून श्रेय नको म्हणतो! असा विनयी माणूस मी बघितला नाही!" आणखी टाळ्या. प्राध्यापक मात्र गंभीर झाले. "थालीपीठ हा शब्द गेलिक नाही, असं इतक्या घाईने म्हणू नये," ते म्हणाले. "तुम्ही या विषयातले नाही आहात."

"मी आज सकाळी खाल्लंय ते!"

"विनोदबुद्धीही आहे," डेनिस म्हणाला.

गर्दी पांगल्यावर त्याने डेनिसला गाठून पुन्हा शांतपणे सांगितलं. तेव्हा कुठे डेनिसला पटलं, आणि त्याचा चेहरा पडला. पण पाट्यांसाठीची तरतूद संपली होती. पुढची छपाई दोन हजार एकतीसमध्ये.

आम्ही ते फ्लोराबाईंना सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "पंचाण्णव," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला विचारून बघते."

 गाडीतून परतताना अर्ध्या वाटेवर वहिनी अचानक म्हणाल्या, "माझी पाटी काढा."

"प्रतिमा, मी चुकलो, किती वेळा..."

"ऐका तरी. माझी पाटी काढा आणि तिच्या बहिणीची लावा. मागची बाजू कोरी आहे, मी बघितलीय. मला डोंगरावर कशाला हवंय नाव? मी घरात सापडते."

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता, भर उन्हात, आम्ही चौघांनी परगण्याच्या मालकीच्या पाटीचे चार स्क्रू काढले. आयुष्यात केलेला हा माझा एकमेव गुन्हा आहे. लिहायला गणपतीच्या मखराचा उरलेला सोनेरी रंग होता. ब्रश माझ्या हातात, कारण शाळेत माझं अक्षर चांगलं होतं. फ्लोराबाई दगडावर बसून नाव एकेक अक्षर करून सांगत होत्या.

"आणि अर्थ?" मी विचारलं.

"नाव पुरे."

"नाही मावशी," गुरुदत्त म्हणाला. "अर्थाशिवाय नोंद पुढे जात नाही."

बाईंनी खालच्या रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ कुठलीच गाडी आली नाही. "लिही," त्या म्हणाल्या. "ती इथे बसायची. बस दिसली की ओरडायची."

पाटी लावून झाली. बाईंनी ती वाचली, एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग गुरुदत्तकडे वळल्या.

"आता तू म्हण."

"क्लाख मोरॅग."

"नाही."

"क्लाख मोराग."

"नाही."

असं बारा वेळा झालं. तेराव्या वेळी त्या काही म्हणाल्या नाहीत. वहिनींनी डबा उघडला.

तीन आठवड्यांनी आम्ही गेलो, तर पाटी दगडापाशी नव्हती. वनरक्षकाच्या नकाशात पाचव्या क्रमांकाची पाटी वरच्या वळणावर होती. त्याने ती काढून, सुलटी करून, नेमून दिलेल्या जागी पुन्हा ठोकली होती. आम्ही पुन्हा खाली आणली. त्याने पुन्हा वर नेली. तो कर्तव्यदक्ष माणूस होता आणि त्याच्याकडे आमच्यापेक्षा चांगला स्क्रूड्रायव्हर होता. सहाव्या वेळी त्याने स्क्रूंची डोकीच घासून टाकली.

फ्लोराबाई गेल्या ऑक्टोबरात गेल्या. डबा त्यांच्याकडेच राहिला. गुरुदत्तला त्याच्या कंपनीने सांता क्लाराला पाठवलं. तिथल्या डोंगरांना आधीच नावं आहेत, त्यामुळे तो रविवारी घरी असतो.

मी मार्चमध्ये एकटा जाऊन आलो. अमेरिकन माणूस पाटी पाळतो. सकाळी साडेदहाला वळणाच्या अलीकडे आठ-दहा जण थांबलेले होते, बाराची वाट बघत. बसायला तिथे एकच जागा आहे. दोघं त्या दगडावर बसले होते, बाकीचे आजूबाजूला उभे. मी त्यांना दगडाचं नाव सांगितलं. एकाने विचारलं, ते पाटीवर का नाही? मी म्हणालो, डेटाबेसमध्ये आहे.

परत आल्यावर मी डेनिसला फोन केला. तो म्हणाला, तो डेटाबेस त्यांनी जानेवारीत बंद केला. त्यातलं काही पुसता येत नव्हतं. नवी यादी केली आहे. तिच्यात चाळीस नावं आहेत, पाट्यांवरून उतरवून घेतलेली.